वजनाच्या हंगामात हलकी सायकल

काल सकाळी कारखान्याच्या धुराड्यातून यंदाचा पहिला धूर निघाला आणि मी सायकलच्या टायरमधली हवा तपासली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, हे आमच्या घरात आता कुणी विचारत नाही. माझी बायको सुमन गच्चीवरची कपड्यांची दोरी सोडून ती आतल्या खोलीत बांधते, कारण आता उन्हाळा लागेपर्यंत धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांवर बारीक काजळी बसणार. मी पंप शोधतो. हंगामाची तयारी ज्याची त्याची.

कोल्हारात, प्रवरेच्या काठावर राहणाऱ्याला गळीत हंगाम सुरू झाल्याचं नाक सांगतं. मळीचा वास येतो: आंबूस, गोड, थोडा करपलेला. पाहुणे नाकाला रुमाल लावतात. आम्हाला मात्र त्या वासाबरोबर पहाटेची थंडी, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, ट्रॅक्टरवर मोठ्यानं लावलेली गाणी आणि सुमनच्या करंज्यांचं सारण हे सगळं एकदम आठवतं. आमचा नाताळ दरवर्षी ऐन हंगामात येतो. दारावर कागदी तारा मी लावतो, पण त्याच्याखाली बसून चहा प्यायला मला जानेवारीशिवाय वेळ मिळत नाही.

मी कारखान्याच्या शेतकी खात्यात आहे. माझ्या गटात, म्हणजे आसपासच्या नेमून दिलेल्या गावांत, कुणी ऊस कधी लावला याची नोंद ठेवायची आणि त्या क्रमानं तोडणीच्या टोळ्या शेतात पाठवायच्या, हे माझं काम. थोडक्यात, याद्या करणं. हा स्वभाव आधीचा की नोकरीनं लावलेला, हे आता मलाही सांगता येणार नाही. किराण्याची यादी मी करतो, फराळाची मी करतो, आणि गावाला जाताना बॅगेत काय कुठे ठेवलंय याचीही करतो. सुमन म्हणते, "तुम्ही झोपेतसुद्धा अनुक्रमांक घालत असाल."

या हंगामात आमच्याकडे सगळी भाषा वजनाची होते. दोन शेतकरी भेटले की "काय, बरं आहे ना?" याच्या आधी "किती पडला?" हा प्रश्न येतो. ऊस पडतो, म्हणजे काट्यावर वजन भरतं. वर्षभराचं पाणी, खत, रात्रपाळीची वीज, सगळं शेवटी काट्यावरच्या आकड्यात जमा होतं. भारी म्हणजे चांगलं, हलकं म्हणजे नुकसान. उसाला तुरा आला की तो आतून पोकळ व्हायला लागतो, हलका होतो, आणि शेतकऱ्याचा चेहरा जड होतो. अशा मुलखात आणि अशा हंगामात मला हलकेपणाचा नाद लागला, याचं माझं मलाच अजून कुतूहल वाटतं.

तो लागला केडगावात. तीन हंगामांपूर्वी, दसऱ्याच्या सुमारास मेव्हण्याकडे गेलो होतो. सकाळी पुणे रस्त्यावरच्या टपरीशी सायकलवाल्यांचा एक घोळका चहाला थांबलेला. मी त्यांच्यातल्या एकाला विचारून त्याची सायकल उचलून पाहिली. आमच्या हातांना सायकलचं वजन पाठ असतं. लहानपणापासून आपण ती उचलत आलेलो असतो, त्यामुळे हात आपोआप तेवढा जोर लावतो. तो जोर लावला आणि माझा हात सायकलसकट छातीपर्यंत उडाला. चहावाला हसला. मला हसू आलं नाही. पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि तिथे पायरीच नसावी, तसं काहीतरी आतमध्ये झालं. डॉक्टरांनी "हालचाल वाढवा" असं सांगितलेलंच होतं. त्या सल्ल्याला आता एक वस्तू मिळाली.

मग अर्थातच यादी. जाड टायरची घ्यावी, सरळ हँडलची घ्यावी, की ही वाकड्या शिंगांची, पातळ टायरची रोड बाइक? ज्याला विचारावं त्यानं जाड टायर सांगितला. "आपल्या रस्त्यांना तीच टिकते साहेब." पण रस्त्याला काय टिकतं, एवढाच माझा प्रश्न नव्हता. तासभर पायडल मारल्यावर अंगाला काय वाटतं, हे मला हवं होतं, आणि ते सांगणारं कुणी भेटेना. शेवटी नगरच्या एका दुकानात दोन्ही चालवून पाहिल्या. जाड टायरची सायकल मला सांभाळून नेत होती. रोड बाइकला मी जेवढं दिलं तेवढं ती लगेच पुढे ढकलत होती, मधे काही कापून घेत नव्हती. शिस्तीच्या माणसाला असा चोख व्यवहार आवडतोच.

माप घेण्यासाठी दुकानदारानं सांगितलं होतं की घरी भिंतीला पाठ लावून उभं राहा, दोन पायांमध्ये एक जाड पुस्तक धरा आणि जमिनीपासून पुस्तकाच्या कडेपर्यंत मोजा. सुमननं टेप धरला. "पन्नाशीत मुलाचं माप काढल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली. त्या मापावरून सांगाड्याचा आकार ठरला, बसायच्या सीटची उंची ठरली. टायर सांगाड्यात मावतील तेवढे रुंद घेतले, कारण मला पाटाच्या कडेच्या खडबडीत डांबरावरूनही जायचं होतं. शिर्डीहून शिंगणापूरला निघालेल्या गाड्या आमच्या हमरस्त्यावरून ज्या वेगानं जातात, तो पाहता पाटाचा रस्ताच बरा.

घरी आणल्यावर लक्षात आलं की माझ्या यादीत जे नव्हतं, तेच या सायकलवर नाही. कॅरेज नाही, मडगार्ड नाही, आणि स्टँड नाही. स्टँड नसलेली वस्तू सांभाळायची म्हणजे सतत आधार शोधत फिरायचं. भिंत, विजेचा खांब, बांधावरचं लिंबाचं झाड. बाभळीला टेकवायची नाही, हे एकदाच शिकावं लागतं. आणि काहीच नसलं तर माणसाच्या हातात द्यायची. तोपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं की खेड्यात कुणाच्या हातात वस्तू दिली की ती धरून तो माणूस तिच्याविषयी मत बनवायला मोकळा होतो.

पहिल्या काही सकाळी मी शाळकरी पोरासारखा होतो. ज्या रस्त्यावर मी बारा महिने मोटारसायकल चालवली, त्याला चढ आहे हे मला मांड्यांनी सांगितलं. पाटाच्या पुलापाशी एका ठिकाणी थंडी साचून राहते, गुडघ्यापासून खाली गारठा आणि वर ऊब, हे कळलं. पाचट जाळलेल्या शेताचा वास आणि उभ्या उसाचा वास यांच्यामध्ये एक ओळ असते आणि ती ओलांडल्याचं कळतं, हेही कळलं. ट्रॉलीतून पडून चाकाखाली चेंगरलेला ऊस दव पडल्यावर साबणासारखा होतो. त्याच्यावरून पातळ टायर नेताना ब्रेक दाबायचा नाही, हँडल वळवायचं नाही, श्वाससुद्धा जपून घ्यायचा. पायडल मारायचं थांबवलं की मागचं चाक बारीक टरटरतं. ते सोडलं तर आवाज नाही. बगळे उडत नाहीत. शेतातली माणसं बोलायची थांबत नाहीत.

त्यामुळे मी ठरवलं की बॉयलर पेटला की सकाळची शेतांची फेरी सायकलवरच करायची. मोटारसायकल घरी उभी राहू दे.

त्या हंगामात माझ्या यादीत पहिलं नाव होतं यमुनामावशींचं. सत्तरीच्या आहेत, एकट्या शेत बघतात, मुलगा चाकणला. त्यांचा आडसाली, म्हणजे दीड वर्षाचा ऊस सगळ्यांच्या आधी लावलेला, म्हणून तोडही पहिली. ऊस निघाला की त्याच रानात त्यांना गहू करायचा होता. गव्हाची पेरणी वेळेत व्हायला हवी. ऊस अडकला तर गहू गेला, शिवाय तुरा येऊन वजन गेलं. हे त्यांनी मला दिवाळीच्या आधीच घरी येऊन ऐकवलं होतं, चहा निवेपर्यंत.

टोळी आली, तोडणी सुरू व्हायची होती. मुकादमानं फोनवर सांगितलं, "मावशीच्या रानाची वाट वली हाय सायब, पाटाचं पानी फुटलंय. टॅक्टर रुतंल. चार दिस दुसरीकडं लावतो." असं होतं. मी "बरं" म्हणालो.

आणि मग माझा फोन वाजायचा थांबला.

हंगामात माझा फोन म्हणजे गोठ्यातली भुकेली म्हैस. गप्प बसतच नाही. त्या वर्षी मात्र दिवसाकाठी मोजके कॉल. मला वाटलं, यंदाचा कार्यक्रम इतका चोख झालाय की तक्रारीला जागाच नाही. सुमनला तसं बोलूनही दाखवलं. बाकी गाव माझ्याशी फार गोड वागत होतं. टपरीवाला चहाचे पैसे घेईना, "राहू द्या साहेब, तुमचंच आहे." सोसायटीचे चेअरमन रस्त्यात थांबले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "दिवस जातात हो निघून." मी म्हणालो, "हो ना, लगेच जातात." त्यांनी डोळे पुसल्यासारखं केलं. मला वाटलं, धुरळा गेला असेल.

एका सकाळी नेहमीचा रस्ता सोडून मी मुद्दाम यमुनामावशींच्या वाटेला लागलो. पाणी ओसरलं का ते पाहायला. वाट अशी कोरडी की टायरखाली माती पिठासारखी उडत होती. बांधापर्यंत मी उतरलोसुद्धा नाही. समोर ऊस उभा. शेंड्यांवर रुपेरी तुरे, वाऱ्यावर एका बाजूला कललेले. दिसायला काय सुंदर दिसतात ते! सकाळच्या उन्हात सगळं रान चकाकत होतं आणि आतून तासातासाला हलकं होत होतं.

मावशी म्हशीला पाणी दाखवत होत्या. मला बघून बादली ठेवली.

"ये बाबा. बस."

वीस वर्षं त्या मला 'साहेब' म्हणत आल्या होत्या, तेही वाद घालण्याच्या सुरात.

"मावशी, वाट ओली होती ना? पाट फुटला होता म्हणे?"

"पाटाला पानीच कुठं हाय अजून फुटायला?"

"मग टोळी का नाही आली?"

"येईल तवा येईल. तू च्या घे."

"अहो, पण गहू? मला फोन का नाही केलात?"

सायकल माझ्या हातात होती, टेकवायला काही नव्हतं. त्यांनी पुढे होऊन ती आपल्या हातात घेतली आणि तिच्याकडे बघत राहिल्या.

"तुज्या मागं आदीच येवढं. त्यात आनि माझं कुठं घालू?"

"माझ्यामागं काय आहे?"

"माज्या पोराची बी कंपनी अशीच सुटली हुती. दोन म्हैने घरी हुता. असाच मान खाली घालून फिरायचा." त्यांनी सायकलच्या वाकड्या हँडलवर हात ठेवला. "गाडी बी घिऊन टाकली व्हय रं त्यांनी?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. ऐन हंगामात शेतकी खात्याचा माणूस मोटारसायकलविना हिंडतो. सायकलवर. ओणवा होऊन, मान खाली घालून. सगळ्या गटानं एकाच पद्धतीनं त्याची बेरीज केली होती: नोकरी गेली. आमच्याकडे अशा वेळी कुणी काही विचारत नाही, विचारणं बरं दिसत नाही. लोक चहाचे पैसे घेत नाहीत, खांद्यावर हात ठेवतात, आणि कामासाठी दुसऱ्याला फोन लावतात. ज्यांचा आवाज मोठा त्यांनी थेट मुकादमाला गाठलं होतं आणि टोळी आपापल्या रानात वळवली होती. मावशींना मला त्रास द्यायचा नव्हता, म्हणून त्या थांबून राहिल्या होत्या.

मला हसू आलं. "मावशी, मी कामावर आहे. ही सायकल मी हौसेनं घेतलीय."

"व्हय व्हय," त्या म्हणाल्या. "हस बाबा. हसल्यानं हलकं वाटतं."

घरी आल्यावर सुमननं एका वाक्यात निकाल दिला. "उद्या मोटारसायकल काढा, हॉर्न वाजवत गावातून एक चक्कर मारा, संपला विषय." तिचं बरोबर होतं. मी रात्री जेवताना तो विषय उलटसुलट करून पाहिला. आपला अधिकार नेमका असतो कुठे? हुद्द्यात, सहीत, की गाडीच्या फटफटीत? गेली वीस वर्षं माझ्याआधी माझ्या गाडीचा आवाज शेतात पोचत होता. लोक माझं ऐकत होते की त्या आवाजाचं? हे मला खरंच जाणून घ्यायचं होतं. पण यमुनामावशींच्या गव्हावर असला प्रयोग करणं बरं नव्हतं. सकाळी मी मोटारसायकलची किल्ली हातात घेतली आणि परत खुंटीला लावली. कारण साधं होतं. गाडीचा आवाज मुकादमाला लांबून कळतो. मला त्या दिवशी कळू द्यायचा नव्हता.

टोळीच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, माळावर होत्या. चुली पेटलेल्या, भाकरीचा वास, बायका कोयत्यांना धार लावत होत्या. ट्रॅक्टर चालू होऊन धूर सोडत होता. मी अगदी मुकादमाच्या पाठीशी जाऊन उभा राहिलो.

"कुठं निघाली टोळी?"

तो दचकून वळला. "सायब! आवाज न्हाई, काय न्हाई. कवा आलात?"

"कुठं निघालात?"

"वरच्या मळ्यात. त्यांचा लई फोन चालला हुता."

"आणि यमुनामावशी?"

"वाट वली हाय ना, सायब."

मी सायकल आडवी केली. "काल ह्याच टायरवर बांधापर्यंत गेलो होतो. चिखल कुठं लागलाय का बघा."

त्यानं वाकून टायरवर बोट फिरवलं. धूळ लागली. ती त्यानं सदऱ्याला पुसली. मग हळूच म्हणाला, "तुमी हायेत व्हय अजून कामावर?"

"काल तोडीच्या चिठ्ठ्या कुणी पाठवल्या?"

"तुमीच."

"मग?"

"आमाला वाटलं, शेवटच्या सह्या चालल्यात."

मागून एक बाई फिसकन हसली. मुकादम ओशाळला आणि काहीतरी करायचं म्हणून ट्रॅक्टरच्या वाटेतली माझी सायकल बाजूला करायला गेला. दोन्ही हातांनी धरून, चांगला दम घेऊन त्यानं ती उचलली. सायकल थेट त्याच्या डोक्यावर गेली.

"आरं तिच्या!"

केडगावला माझा हात जसा उडाला होता, अगदी तसा. सगळा तळ गोळा झाला. ही माणसं दिवसभर उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढतात. वजनाच्या बाबतीत त्यांचं अंग फसत नाही, आणि इथे ते एकेकाचं फसत होतं. जो तो येऊन उचलायचा आणि ओरडायचा. मघाशी हसलेल्या बाईनं ती एका बोटावर तोलली. "ही सायकल हाय का सूप? पाखडाया घ्यावी!" दुसरी म्हणाली, "नवऱ्याला माज्या असलीच पायजे. दमला की हिलाच डोक्यावर घिऊन यील."

तळावर हसणं चालू असतानाच मुकादमानं ट्रॅक्टरवाल्याला हाक मारली आणि हातानं यमुनामावशींच्या रानाची दिशा दाखवली.

दुपारपर्यंत साहेबांची सायकल एका बोटावर उचलते ही बातमी सगळ्या गटात फिरली. जी एवढी हलकी ती किमतीला किती भारी असेल, हा हिशेब लोकांनी आपापला केला. माझा फोन वाजायला लागला. "साहेब, सायकल बघायची हुती, आन हां, आपला ऊस कधी?" टपरीवाल्यानं संध्याकाळी चहाचे पैसे घेतले. मागचेही.

मावशींची तोड चालू असताना मी बांधावर उभा होतो. ऊस तुटत जातो तसा उजेड रानात शिरतो. इतके महिने भिंतीसारखं बंद असलेलं शेत दुपारी एकदम मोकळं झालं, आणि पलीकडे नदीकाठची झाडं दिसायला लागली. वजन थोडं घटलं होतं. गहू उशिराचा झाला, पण झाला. टोळीकडे बघायला जाताना मी सायकल मावशींच्या हातात दिली होती. परत आलो तर त्या ती जराशी उचलून, खाली ठेवून, परत उचलून बघत होत्या. त्यांचा चेहरा उतरलेला.

"बाबा, हिच्यात वजनच न्हाई."

"म्हणून तर घेतली, मावशी."

"आरं, वजन न्हाई म्हंजे जीव न्हाई. तुरा आल्यागत पोकळ हाय ही. फसवलं तुला दुकानदारानं." त्यांनी निःश्वास सोडला. "आन साधं कॅरेजबी न्हाई."

मग त्यांनी छपरावरचा एक लाल भोपळा काढून आणला. मी नको नको म्हणत असताना तो धडप्यात बांधून माझ्या पाठीवर दिला. घरी जाताना मी सायकलच्या तोलाविषयी जेवढं शिकलो, तेवढं आधीच्या महिन्यात शिकलो नव्हतो. वळणावर भोपळा एकीकडे आणि मी एकीकडे.

त्यानंतरचे दोन हंगाम मावशी मला 'बाबा'च म्हणत राहिल्या. त्यांची पाळी कधी, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. मीच पाटाच्या वाटेनं जाऊन सांगून यायचो. त्या मान हलवायच्या, चहा द्यायच्या, आणि निघताना काहीतरी पाठीवर बांधायच्या. सगळ्या गटाचा गैरसमज एका सकाळी फिटला, पण मावशींचा फिटला नव्हता. त्यांची माया मला आवडत होती आणि टोचतही होती. या मायेपोटी त्या पुन्हा कधीतरी गप्प बसतील आणि ऊस उभा राहील, ही धास्ती होती. अजूनही दव पडलेल्या सकाळी पुलावरची थंडी ओलांडताना मला त्यांचं ते बादली खाली ठेवणं आठवतं.

काल मी अंगणात टायरला पंप लावून बसलो होतो. धुराड्याचा धूर अजून पातळ होता, नवखा असल्यासारखा वर जाऊन घुटमळत होता. फोन वाजला. पलीकडून आवाज असा आला की मी फोन कानापासून लांब धरला.

"ओ सायब! धूर निघाला, आन टोळी कुठंय? माजा नंबर पयला हाय का न्हाई? लावणीला पयली मी, आन तोडीला मागं? नुसती मान खाली घालून सायकल हानता, जरा वर करून आमच्या उसाकडं बगा की!"

"बघतो, मावशी. यादीत पहिल्याच आहात."

"यादी ठिवा तुमच्याकडं. टोळी धाडा!"

सुमन दोरी गुंडाळत दारात आली होती. "कोण भांडतंय एवढं?"

"यमुनामावशी."

"मग तुम्ही हसताय काय?"

मी बोटानं तिला थांब म्हणालो, कारण फोन अजून चालूच होता. मावशींनी दम घेतला होता, आणि आता आवाज थोडा खाली आणून त्या विचारत होत्या, "आन त्या सायकलीला कॅरेज बशीवलं का न्हाई अजून? औंदा भोपळे लई लागल्यात."